पाहणे आणि पाहुणा

मे महिन्याच्या अखेरीस एका संध्याकाळी आमच्या म्हैसूरच्या बिऱ्हाडी पंधरावीस मंडळी जमली होती. आमच्या एका स्नेह्यांची कन्या शाळेतील वीसबावीस सोबत्यांबरोबर जपानला जाऊन आली होती. तिची हकीकत ऐकावी, एवढेच निमित्त. सहलीला 'जपानी संस्कृतीचा परिचय' असे भारदस्त नाव होते आणि तिची मुदत होती आठ दिवस. सरकारी नोकरीच्या ओघात येथे येऊन स्थिरावलेल्या, किंबहुना न स्थिरावलेल्या, आम्हां मराठी कुटुंबांना एकत्र बसण्यास काही कारण लागते. ते या मुलीने आयतेच पुरवले. समोरच्या घरातील वृद्ध कन्नड बाईंनाही आमच्या कुटुंबाने आग्रहाने बोलावून आणले होते. त्यांना सारी आळी 'अज्जी' म्हणते, म्हणून आम्हीही अज्जीच म्हणतो.

मुलगी मोठी चुणचुणीत. पडद्यावर एकामागून एक चित्रे सरकत होती आणि तिचे बोलणे त्यांच्याही पुढे धावत होते. घड्याळाला लाजवतील अशा आगगाड्या, तोंडे दाराकडे वळवून नीट ओळीने ठेवलेले जोडे, जेवणाआधी हात जोडून उच्चारावयाचा शब्द, पाइनच्या झाडाखाली वाळूवर दाताळ्याने ओढलेल्या रेघा, असे करता करता शेवटी एका संग्रहालयातील बाहुल्यांचे चित्र आले. पायऱ्यापायऱ्यांची मांडणी, तिच्यावर तांबडे वस्त्र. सर्वांत वर सम्राट आणि सम्राज्ञी, त्यांच्या खालच्या पायरीवर राजवाड्यातील तीन स्त्रिया, त्याखाली पाच वादक, मग दोन प्रधान आणि तीन सेवक. हा मुलींचा सण असून तो ३ मार्चला येतो, त्याला 'हिना मात्सुरी' म्हणतात, मुलीच्या पहिल्या सणाला बहुधा आजी-आजोबा या बाहुल्या देतात आणि सण सरल्यावर त्या लगेच आवरल्या नाहीत तर मुलीचे लग्न लांबते असा समज आहे, हे सारे तिने एका दमात सांगितले. "काका, इतकी सुंदर कल्पना मी कुठेच पाहिली नाही," असे ती शेवटी म्हणाली.

तोवर शांत बसलेल्या अज्जी पडद्याकडे बोट करून म्हणाल्या, "नम्म मनेयल्लू इदे." आमच्या घरीही आहे, एवढाच त्याचा अर्थ, आणि एवढे कन्नड आम्हांलाही कळते. पुढचे मात्र त्यांच्या नातवाने हिंदीत उलगडून सांगितले. नवरात्रात म्हैसूरकडे घरोघर 'गोंबे हब्ब' होते. विषम संख्येच्या पायऱ्या मांडून वर 'पट्टद गोंबे', म्हणजे लाकडी राजाराणीची जोडी, बसवतात. ही जोडी मुलीला लग्नात माहेरून मिळते. अज्जींची जोडी त्यांच्या आईकडून आलेली आहे. येथील राजवाड्यात तर बाहुल्यांसाठी 'गोंबे तोट्टी' नावाचे स्वतंत्र दालनच आहे. मुलगी चकित होऊन विचारू लागली, "अज्जी, मग तुम्ही आम्हांला कधी दाखवल्या नाहीत?" अज्जी हसल्या. दर वर्षी त्या हळदकुंकवाचे बोलावणे करण्यासाठी आमच्या फाटकापर्यंत येतात आणि दर वर्षी दाराला कुलूप असते. नवरात्राच्या सुट्टीत आम्ही पुण्यास जातो. मुलीचे आईवडील साताऱ्यास जातात. ज्या दहा दिवसांत देशोदेशींचे लोक दसरा पाहावयास म्हैसुरास येतात, नेमक्या त्याच दहा दिवसांत आम्ही मंडळी म्हैसूर सोडून जातो. असे अकरा वर्षे चालले आहे.

अज्जींच्या बोलण्यात टोमणा नव्हता, आणि म्हणूनच ते आम्हांला अधिक लागले. त्या रात्री, आणि खरे सांगावयाचे तर पुढे कित्येक दिवस, एक प्रश्न मनात घोळत राहिला. दुसऱ्याची संस्कृती पाहणे म्हणजे नेमके काय करणे? आणि पाहिल्यानंतर पाहणाऱ्याच्या माथी काही देणे लागते की नाही?

पहिले उत्तर सोपे आहे आणि ते आम्ही स्वतःलाही देऊन पाहिले. आठ दिवसांत काय कळणार? ज्या देशाची लिपी येत नाही, ज्याच्या लोकांशी दुभाष्यावाचून दोन शब्द बोलता येत नाहीत, त्या देशाचा परिचय आठवड्यात करून घेणे हा निव्वळ दिखाऊपणा होय. पण हे उत्तर आमच्यावरच उलटते. आम्ही येथे अकरा वर्षे आहोत. दिवसांच्या संख्येने ज्ञान वाढते असे म्हटले तर आम्ही एव्हाना कन्नड संस्कृतीचे पंडित व्हावयास हवे होते. बसच्या पाट्या वाचण्यापलीकडे आमची मजल गेलेली नाही, आणि आता त्या पाट्यांवर इंग्रजीही असल्यामुळे तेवढेही श्रम उरलेले नाहीत. तेव्हा दोष मुदतीचा नव्हे. आठ दिवसांच्या मुलीला निदान बाहुल्यांच्या पायऱ्या मोजता आल्या.

मुदतीचा प्रश्न किती गौण आहे याचे एक उत्तम उदाहरण आपल्याच घरात आहे. धोंडो केशव कर्वे १९१५ साली मुंबईच्या राष्ट्रीय सामाजिक परिषदेचे अध्यक्ष झाले. त्या सुमारास टोकियोच्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका त्यांच्या हाती आलेली होती. जिन्झो नारुसे नामक शिक्षकाने १९०१ साली ती संस्था स्थापन केली होती. कर्व्यांनी जपान पाहिलेला नव्हता. जपानी भाषा त्यांना येत असण्याचा प्रश्नच नव्हता. परंतु ती पुस्तिका त्यांनी वाचली, परिषदेत स्त्रियांच्या स्वतंत्र विद्यापीठाची कल्पना मांडली आणि पुढच्याच वर्षी, १९१६ मध्ये, ते विद्यापीठ उभेही केले. उच्च शिक्षण मातृभाषेतून द्यावे ही गोष्ट त्या काळी इकडे रूढ नव्हती. ती त्यांनी तेथे प्रत्यक्षात आणली. पुढे १९२९-३० च्या जगप्रवासात टोकियोचे ते विद्यापीठ त्यांनी डोळ्यांनी पाहिले, तेव्हा त्यांचे वय सत्तरीच्या पुढे गेले होते. म्हणजे ज्या घराचा नमुना घेऊन आपले घर बांधले, त्या घराचा उंबरठा त्यांनी चौदा वर्षांनी ओलांडला.

हे कशाने साधले? आमच्या मते, पुस्तिका हाती पडण्यापूर्वीच कर्व्यांजवळ प्रश्न तयार होता. १८९६ साली त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, १९०७ साली महिला विद्यालय काढले. शिकलेल्या मुलींनी पुढे कोठे जावे हा काटा वीस वर्षे त्यांच्या पायात रुतलेला होता. अशा माणसाला चार पाने पुरतात. ज्याच्या पायात काटा नाही त्याला चाळीस देश हिंडून आले तरी चित्रांपलीकडे काही मिळत नाही.

येथे एक गोष्ट लपवणे अप्रामाणिकपणाचे होईल. कर्व्यांनी जे आणले त्याबरोबर मुळाची मातीही थोडी आलीच. जपानात त्या पिढीपुढे स्त्रीशिक्षणाचा आदर्श होता तो सुगृहिणी आणि सुमाता घडवण्याचा. स्त्रियांचा अभ्यासक्रम निराळा असावा, त्यात गृहविज्ञान आणि आरोग्यशास्त्र यांना मानाचे स्थान असावे, हा विचार त्या आदर्शाशी जुळणारा होता. निराळा अभ्यासक्रम म्हणजे दुय्यम अभ्यासक्रम होणार नाही काय, हा आक्षेप आपल्याकडे घेण्यात आला, आणि मुलामुलींना एकच शिक्षण द्यावे म्हणणाऱ्या आगरकरांच्या परंपरेत वाढलेल्यांना तो घ्यावासा वाटला यात नवल नाही. तरीही कर्व्यांचे श्रेय उणावत नाही. उसने आणणारा माणूस आपल्या उसनवारीचा हिशेब लोकांपुढे ठेवतो, त्यावर टीका सोसतो आणि संस्था चालवून दाखवतो, तेव्हा ती उसनवारी राहत नाही. ती जबाबदारी होते.

दुसरे उदाहरण खुद्द आमच्या या शहराचे, आणि आम्हां बदलीच्या नोकरीतील माणसांना ते विशेष जवळचे वाटावे. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या जन्माने म्हैसूर संस्थानचे. परंतु स्थापत्याचे शिक्षण त्यांनी पुण्यास घेतले आणि १८८४ ते १९०८ अशी जवळजवळ चोवीस वर्षे मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात काढली. नाशिक, खानदेश, पुणे ही त्यांची कर्मभूमी. खडकवासल्याच्या धरणावर १९०३ साली बसवलेले स्वयंचलित दरवाजे त्यांच्याच कल्पनेचे. म्हणजे आम्ही येथे जे आहोत तेच ते आमच्याकडे होते: परप्रांतात नेमणूक झालेला एक सरकारी नोकर. फरक एवढाच की, आम्ही गेल्यावर येथे आमचे दरवाजे राहणार नाहीत.

१८९८ साली ते जपानला गेले आणि सुमारे तीन महिने राहिले. १९१२ ते १९१८ या काळात म्हैसूरचे दिवाण असताना त्यांनी ज्या गोष्टी उभारल्या, त्यांतील कितींची बीजे त्या तीन महिन्यांत पडली हे सांगणे अवघड आहे. पण १९२० साली 'रीकन्स्ट्रक्टिंग इंडिया' हे पुस्तक लिहिताना जपानचा दाखला त्यांना पुनःपुन्हा द्यावासा वाटला हे खरे. बँक, विद्यापीठ, साबणाचा कारखाना यांच्या जोडीने त्यांच्या दिवाणगिरीत, १९१५ साली, कन्नड साहित्य परिषद स्थापन झाली, ही गोष्ट आम्हांला फार अर्थपूर्ण वाटते. जपानने पाश्चात्त्य विद्या घेतली, परंतु ती आपल्या भाषेत आणून घेतली. यंत्र पाहून परतणारे प्रवासी पुष्कळ असतात. यंत्रामागची भाषा ज्याला दिसली तो खरा पाहणारा.

आता रेशमाचे पाहा. म्हैसूरचे रेशीम आमच्या घरोघरीच्या कपाटांत आहे, म्हणून ही हकीकत जरा सविस्तर सांगतो. जपानी पद्धतीने रेशीम काढण्याचा प्रयोग जमशेटजी टाटांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगळुरास केला होता. १९१२ साली म्हैसुरात सरकारी विणकाम कारखाना निघाला. तरी या प्रदेशातील मूळ जातीचा किडा आपला जुनाच राहिला. तो काटक, उन्हाळा सोसणारा, वर्षातून अनेक पिढ्या देणारा. पण त्याच्या कोशाचा धागा आखूड. जपानी वाणाचे किडे वर्षाला दोनच पिढ्या देतात. त्यांचा धागा पांढराशुभ्र आणि हजार मीटरच्या आसपास लांब, आमच्या किड्याच्या दुपटीहून अधिक. मग जपानी अंडी आणून वाटून टाकली की झाले, असे कोणालाही वाटेल. तसे करून चालत नाही. तो किडा नाजूक. आमचा उकाडा आणि आमची अस्वच्छता त्याला मानवत नाही. १९९१ पासून २००७ पर्यंत, तीन टप्प्यांत, जपानी तज्ज्ञ आणि आपले शास्त्रज्ञ यांनी येथील केंद्रीय रेशीम संशोधन संस्थेत एकत्र काम केले. या हवेत तगतील असे संकरित वाण तयार केले. आणि तेवढ्याने भागेना म्हणून शेतकऱ्याला आपले घर बदलावयास सांगितले. किड्यांसाठी राहत्या घराबाहेर निराळी खोली, प्रत्येक पिकाआधी तिचे निर्जंतुकीकरण, तुतीची पाने खुडून न घालता फांदीच देण्याची रीत, हे सारे शिकावे लागले.

आम्हांला येथे जे दिसते ते असे. परका वाण फुकट येत नाही. त्याला जागा करून द्यावयाची तर आपल्या घराची मांडणी हलवावी लागते, आणि त्यालाही आपल्या हवेशी सोयरीक करावी लागते. ज्या शेतकऱ्याने आपली खोली धुऊन काढली त्याने जपान पाहिला, मग तो कधी गाव सोडून गेलेला नसो.

हे शेतकऱ्याचे झाले. आमच्या मुलांचे काय?

त्या संध्याकाळची आणखी एक गोष्ट सांगावयाची राहिली आहे. त्याच गटात गेलेला एक मुलगाही आला होता. थोडा अबोल, विचार करणारा. सर्वांत विशेष काय वाटले असे विचारता तो म्हणाला, "तिकडे शाळा मुलेच झाडतात. रोज. शिक्षकसुद्धा." जपानच्या शाळांत ही रीत सर्वत्र आहे: दिवसातील ठरावीक वेळी मुले डोक्याला फडके बांधून वर्ग, जिने आणि पुष्कळ ठिकाणी संडासही स्वतः साफ करतात. सभेतील वडीलधाऱ्यांनी माना डोलावल्या. "याला म्हणतात शिस्त," असे एक जण म्हणाले, "आपल्याकडे हे कधी येणार?" असे दुसरे. आम्हीही मान डोलावली. मुलाच्या मातोश्रींनी मात्र हसत हसत सांगितले की, परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी चिरंजीव इमारतीचा जिना झाडावयास निघाले होते. त्यांनीच त्याला घरात ओढले. शेजारीपाजारी काय म्हणतील? सगळे हसले. मुलगा हसला नाही.

हा प्रसंग विनोदी नाही. गाडगेबाबा १९५६ साली गेले. हातात खराटा घेऊन गावात शिरणारा तो माणूस आमच्या वडिलांच्या पिढीने डोळ्यांनी पाहिला होता. महाराष्ट्र शासनाने त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छतेचे अभियान काढले तेव्हा आमच्यांपैकी कित्येकांनी त्याची परिपत्रके वाचली, काहींनी काढलीही असतील. त्यांचे चित्र ज्या घराच्या भिंतीवर आहे, त्या घरातील मुलाला खराटा प्रतिष्ठेचा आहे हे कळावयास टोकियोला जावे लागले. आणि ते कळून तो परतला तेव्हा आम्ही त्याला घरात ओढून घेतले. कारण तेथे झाडणे ही शिस्त, आणि येथे झाडणे ही जात. म्हैसूरला २०१६ साली स्वच्छ शहरांच्या राष्ट्रीय क्रमवारीत पहिला क्रमांक मिळाला याचा आम्ही पत्रांतून अभिमानाने उल्लेख करीत असतो. तो क्रमांक ज्यांनी मिळवून दिला त्यांना येथे 'पौरकार्मिक' म्हणतात. आमच्या दारावरून रोज सकाळी जाणाऱ्या बाईंचे नाव आम्हांला त्या संध्याकाळपर्यंत ठाऊक नव्हते. हेही येथे नोंदवणे भाग आहे.

पण मुलाला जे दिसले तेही पूर्ण नव्हते, आणि त्याचा दोष त्याचा नाही. त्याला कोणी सांगितले नाही की, जपानातही कातडे कमावणारे, जनावरे मारणारे असे लोक शतकानुशतके गावकुसाबाहेर ठेवले गेले. १८७१ च्या हुकुमाने कायद्यातील भेद मिटला, तरी 'बुराकु' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या वस्त्यांतील लोकांना लग्नाच्या आणि नोकरीच्या वेळी पुढेही पिढ्यान् पिढ्या अडवले गेले. वर्ग झाडणारी मुले पाहून 'तेथे भेद नाहीत' असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. यजमान पाहुण्याला दिवाणखान्यात बसवतो, माजघरात नेत नाही. त्यात यजमानाचे काही चुकत नाही. माजघरात डोकावू नये ही पाहुण्याची मर्यादा. मात्र दिवाणखान्यात बसून आलेल्याने 'मी घर पाहिले' असे म्हणू नये, हीदेखील मर्यादाच आहे, आणि ती फार कमी प्रवासी पाळतात.

आमच्या देशाने ती एकदा मोठ्या प्रमाणावर मोडली आहे. १९०५ साली जपानने रशियाला हरवले तेव्हा आपल्याकडे झालेला आनंद समजण्यासारखा होता. आशियातील एका राष्ट्राने युरोपातील साम्राज्याला नमवले होते. पण त्याच जपानने १९१० साली कोरिया गिळला, त्याची दखल आपल्या कौतुकाने क्वचितच घेतली. रवींद्रनाथ १९१६ साली जपानला गेले, प्रचंड स्वागत झाले, आणि त्यांनी यजमानांच्याच भूमीवर उभे राहून राष्ट्रवादाच्या मदाविरुद्ध व्याख्याने दिली. स्वागताचा भर ओसरला. पाहुण्याने यजमानाला असे बोलावे की नाही, यावर आजही दोन मते संभवतात. आमचे मत रवींद्रनाथांच्या बाजूने आहे. ज्याला जपानच्या चित्रकलेवर आणि तेथील माणसांच्या साधेपणावर इतके प्रेम करता आले, त्यालाच तो बोलण्याचा अधिकार होता.

आमचे एक वडील स्नेही, सेवानिवृत्त अधिकारी, हे सारे ऐकून म्हणाले, "तुम्ही फार ताणता. मुले चार दिवस हिंडून आली, आनंदली, त्यांना कशाला ऋणाच्या गोष्टी सांगता? आणि आपले म्हणाल तर आपण येथे नोकरीला आलो आहोत. तीन वर्षांत बदली व्हायची असते. नोकराने गावात गुंतू नये, हा तर नियमच आहे." त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. पंधरा वर्षांच्या मुलीने बाहुल्या पाहून हरखून जावे, यात उणे काय? निर्हेतुक आनंदालाही मोल असते; प्रत्येकाने कर्वे व्हावे अशी अपेक्षा ठेवली तर कोणी घराबाहेरच पडणार नाही. आणि अलिप्तता हा अधिकाऱ्याचा गुण आहे, हेही आम्ही आयुष्यभर मानत आलो. ज्याचे गावात सोयरेधायरे नाहीत त्याच्या सहीवर गावाचा विश्वास बसतो.

परंतु हाच गुण केव्हा पळवाट होतो ते कळत नाही. कचेरीत अलिप्त राहावे म्हणून शेजारच्या घराचा उंबरठा ओलांडू नये, असे कोणत्या नियमात लिहिले आहे? विश्वेश्वरय्यांच्या आधीचे म्हैसूरचे दिवाण टी. आनंदराव हे तंजावरच्या मराठी घराण्यातील होते. ती घराणी शतकानुशतके तमिळ मुलखात राहिली, घरात आपल्या वळणाची मराठी बोलत राहिली आणि बाहेर तेथलीच झाली. तेथे त्यांची मराठी बुडाली नाही. आमची मराठी येथे कन्नड शिकल्याने बुडेल अशी भीती आम्हांला वाटते काय? तसे असेल तर ती मराठी नव्हे, केवळ सवय आहे. शिवाय हे शहर असे की, येथे १९६९ पासून भारतीय भाषांची केंद्रीय संस्था आहे आणि दुसऱ्या प्रांतांतील शिक्षक येथे येऊन महिनोन् महिने कन्नड, तमिळ, तेलुगू, मल्याळम शिकून जातात. त्या संस्थेच्या आवारातून आम्ही कित्येक वर्षे सकाळी फिरावयास जातो. तेथली झाडी उत्तम आहे.

'पाहुणा' या शब्दाचे मूळ संस्कृत 'प्राघुण' शब्दात सांगतात; 'पाहणे' या क्रियेशी त्याचे नाते नाही. तरी मराठीत दोन्ही शब्द इतके शेजारी येऊन बसले आहेत की, नाते असावयास हवे होते असे वाटत राहते. पाहुण्याचे रीतिरिवाज आपल्याकडे सुटे नाहीत. ज्याच्या घरी जेवलो त्याला आपल्या घरी बोलवावे लागते. ओटी भरून घेतली तर भरावी लागते. यजमानाने दिलेले रिकाम्या हाताने परत करता येत नाही. दुसऱ्या देशाच्या संस्कृतीचे दर्शन हेही आम्हांला असेच वाटू लागले आहे. मुलांकडून त्याची परतफेड कोणी मागू नये. पण त्यांनी ती करू पाहिली, तर निदान त्यांना घरात ओढू नये.

त्या मुलाने पुढे काय केले हे आम्ही मुद्दाम विचारले नाही. मुलीने मात्र जपानहून आणलेली एक छोटी लाकडी बाहुली अज्जींना नेऊन दिली. या नवरात्रात ती कोणत्या पायरीवर बसवावी याचा अज्जी विचार करीत आहेत. वर देव आणि राजाराणी. खाली तांदूळ-डाळीचे दुकान मांडून बसलेले शेट्टी आणि शेट्टीण. परदेशी पाहुणी त्या दोघांच्या शेजारी शोभेल, दुकानात काही घ्यावयास आली असे वाटेल, असे सध्या त्यांचे मत दिसते. तिचे नाव काय आणि ती कोणत्या लाकडाची, असे त्यांनी मुलीस विचारले. मुलीस सांगता आले नाही. ती विमानतळावर घेतलेली होती.

आमच्या घरी वाद दुसराच आहे. यंदा नवरात्रात म्हैसुरातच राहावे असे आम्ही सुचवले. पुण्यास आमच्या मातोश्री आहेत, ब्याऐंशी वर्षांच्या. घटस्थापनेला मुलगा आणि सून दारात दिसली की त्यांचे वर्ष सार्थकी लागते. अज्जींचे बोलावणे अकरा वर्षे फुकट गेले हे खरे. पण मातोश्रींची किती नवरात्रे उरली आहेत, हा प्रश्न कुटुंबाने विचारला आणि त्याला आमच्यापाशी उत्तर नव्हते. शेवटी दूरध्वनीवरून मातोश्रींनाच सारी हकीकत सांगितली: बाहुल्या, पायऱ्या, राजाराणी, कुलूप. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "त्यांच्याकडे घटही बसतात का रे? आणि धान्य कोणते पेरतात?"

ते आम्हांला सांगता आले नाही. संध्याकाळी समोर जाऊन विचारावयाचे आहे.